रस्ते बंद ठेवण्याची नोकरी

पहाटे 5.30

अँटॉप हिलचं इंटरनेट या वेळी सर्वांत शांत असतं. रात्री अकराला आठ गिगापर्यंत गेलेली ग्राफची रेघ आता एक-दीडवर आलेली असते. जागे असतात ते रात्रपाळीहून परतलेले, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली मुलं आणि घराघरातली यंत्रं. माझं काम या यंत्रांशी.

मी इथल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळते. धंदा मूळचा केबलचा. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश लावून सुरू झाला आणि पुढे इंटरनेटचा परवाना घेऊन वाढला. सेक्टर सातच्या सरकारी वसाहतीतली क्वार्टर्स, काणे नगर, संगम नगरच्या गल्ल्या, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलकडे उभे राहिलेले नवे टॉवर, एवढा आमचा इलाखा. जगाच्या राउटिंग टेबलात आज दहा लाखांच्या आसपास रस्ते आहेत. त्यातले आमचे चार.

उठल्यावर पहिल्यांदा बघायचं ते हे, की आजची यादी नीट उतरली का. स्पॅमहाउस नावाची संस्था 1998 साली लंडनमध्ये सुरू झाली. तिची ‘ड्रॉप’ ही, रस्ता बंद करावा अशा पत्त्यांची यादी कुणालाही फुकट घेता येते. तिच्यात सुटे पत्ते नसतात, पत्त्यांचे अख्खे पट्टे असतात. काही पट्टे बंद पडलेल्या कंपन्यांच्या नावावरचे, भामट्यांनी परस्पर लाटलेले. काही रीतसर भाड्याने घेतलेले, पण घेणाऱ्याचा धंदाच स्पॅमचा नाहीतर मालवेअरचा. हजार-दीड हजार ओळींचा हा मामला आहे. दिवसातून एकदा उतरवली तरी पुरते. ती फार हलत नाही, आणि तासातासाला त्यांच्या सर्व्हरचं दार वाजवणं त्यांना आवडतही नाही.

आमची स्क्रिप्ट ती उतरवते आणि बर्डला देते. बर्ड हा प्रागच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला मोफत राउटिंग प्रोग्राम आहे. एका जुन्या मशीनवर तो चालतो आणि मुख्य राऊटरला बीजीपीने, म्हणजे राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या भाषेत, सांगतो, की या पट्ट्यांकडे जाणारं काहीही माझ्याकडे पाठव. मुख्य राऊटर लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचा. केबलवाल्यांच्या धंद्यात मुंबईभर हाच दिसेल; स्वस्त आहे, आणि दुरुस्तीचं ज्ञान एकमेकांना विचारून मिळतं.

आज यादी आली आहे. कालच्यापेक्षा चार ओळी कमी, दोन नव्या. कुलपं जागेवर आहेत. ही कुलपं मी स्वतः बसवली आहेत आणि त्यांच्याशिवाय कुणाचीही यादी आत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आमचे चार पट्टे, आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या कंपनीचे पत्ते आणि मोठे डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारे) यादीत आले तरी लागू होत नाहीत. अवाढव्य पट्टा आला तर तो अडतो. ओळींची संख्या एका रात्रीत पंचमांशाहून जास्त हलली, तर कालचीच यादी चालू राहते आणि माझा फोन वाजतो. आणि यादीतला एकही रस्ता आमच्या नेटवर्कबाहेर सांगितला जात नाही.

शेवटचं कुलूप का, ते 24 फेब्रुवारी 2008 रोजी सगळ्या जगाने पाहिलं. पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायला सांगितलं. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक छोटा पट्टा आपल्या राऊटरवर खड्ड्यात वळवला. देशापुरतं राहिलं असतं तर बाहेर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तो खोटा रस्ता हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने पुढे जगाला सांगितला. बीजीपीत जास्त नेमका रस्ता जिंकतो, त्यामुळे निम्म्या जगाचं यूट्यूब दोनेक तास त्या खड्ड्यात जात राहिलं. आपल्याकडेही 16 एप्रिल 2021 रोजी व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून दुसऱ्यांचे 30 हजारांहून जास्त रस्ते आपलेच म्हणून बाहेर सांगितले गेले होते. हे राऊटर एकमेकांच्या शब्दावर फार पटकन विश्वास ठेवतात.

सकाळी 8.15

ऑफिस तळमजल्यावर. पुढच्या खोलीत बिलाचं काउंटर आणि मागे काचेच्या दारामागे रॅक, बॅटऱ्या, कायम सोळावर लावलेला एसी. शेठ येऊन बसलेले असतात. ते रोज एकच विचारतात, “काय गं, सगळं वर आहे ना?” मी म्हणते, “वर आहे.” यापुढचं त्यांना नको असतं.

मला मात्र यापुढचंच हवं असतं. पुष्कळांना वाटतं, यादी लावली म्हणजे बाहेरून येणारा वाईट माल दारात अडला. तसं होत नाही. रस्ता बंद केला तो आमच्याकडून तिकडे जाणारा. तिकडून येणारं पॅकेट आत येऊ शकतं. त्याला जाणारं उत्तर मात्र अडतं. इमारतीच्या दारावर येऊन कुणी हाका मारतो, पण घरातलं कुणी त्याला ओ देत नाही, असं ते आहे. बहुतेक उद्योगांना तेवढं पुरतं, कारण उत्तराशिवाय पुढचं बोलणंच होत नाही.

याहून मोठा फायदा उलट्या दिशेला आहे. आमच्याच एखाद्या घरातलं बिघडलेलं यंत्र आपल्या धन्याला फोन लावायला जातं. धनी बसलेला असतो यादीतल्या पट्ट्यात. फोन लागत नाही. म्हणून मी हे रस्ते सरळ फेकून देण्याऐवजी त्या जुन्या मशीनकडे वळवते. ते मशीन फक्त नोंद करतं, की कुठल्या घरातून, किती वाजता, कुणासाठी; आणि मग माल फेकून देतं. बाहेर पडताना अनेक घरांचा मिळून एकच पत्ता होतो; त्याआधीच नोंद होत असल्यामुळे घर नेमकं कळतं. यादीने किती अडवलं याचा आकडा दाखवून कंपन्या उत्पादनं विकतात. मला त्या आकड्यात रस नाही. यादी लावल्यामुळे आपलं कोण बिघडलंय ते कळतं, हा तिचा खरा उपयोग.

आज नोंदीत वर असलेलं नाव एका सोसायटीचं आहे. रात्री दोनपासून आत्तापर्यंत, दर तीस सेकंदांनी, न थकता.

सकाळी 9.30

टपाल. आमच्यासारख्यांना रोज दोन प्रकारची पत्रं येतात. एक शॅडोसर्व्हरकडून. ही ना नफा तत्त्वावरची संस्था सगळं इंटरनेट चाळते आणि ज्याचं नेटवर्क त्याला त्यातल्या उघड्या खिडक्या फुकट कळवते. दुसरं ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं हे केंद्र फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू झालं. बॉटनेटमध्ये, म्हणजे परक्याच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांच्या फौजेत, सापडलेले पत्ते ते इंटरनेट कंपन्यांना कळवतं, आणि सामान्य माणसाला यंत्र साफ करायची साधनंही देतं. सरकारी कामाला नावं ठेवायची सवय असलेल्यांनी हे एकदा बघावं.

पत्रं येतात सगळ्यांना. उघडून बघतात किती जण, हा वेगळा प्रश्न आहे. बघितलं की काम वाढतं, आणि त्या कामाचं बिल कुणाला लावता येत नाही.

आजच्या पत्रात तीन पत्ते ‘उघडे डीएनएस’ म्हणून आले आहेत. म्हणजे कुणाच्या तरी घरचा राऊटर जगातल्या कुणालाही डीएनएसची उत्तरं देत बसलाय. यात काय बिघडलं? बिघडतं असं, की हल्लेखोर प्रश्न विचारताना स्वतःचा पत्ता न देता सावजाचा देतो. प्रश्न चिमुकला, उत्तर पन्नासपट मोठं; आणि ते जाऊन आदळतं सावजावर. 2013 च्या मार्चमध्ये खुद्द स्पॅमहाउसवर अशाच उघड्या डीएनएस सर्व्हरांतून हल्ला झाला. सेकंदाला 300 गिगाबिटपर्यंत गेलेला तो हल्ला त्या काळचा उच्चांक होता. यादी ठेवणाऱ्याचाच राग काढला होता. त्यात मारणारी यंत्रं कुणा निरपराधांचीच होती आणि मालकांना गंधवार्ता नव्हती.

तीनपैकी दोन फोनवर मिटले. तिसरे गृहस्थ बदलून नागपूरला गेलेत. क्वार्टर रिकामं आहे, राऊटर चालू आहे, बिल नियमित भरलं जातंय. सरकारी वसाहतीचं हे असं असतं. त्यांना फोन करून परवानगी घेतली आणि लाइन तात्पुरती बंद केली.

सकाळी 11

सोसायटीत. बरोबर आमचा धाकटा तंत्रज्ञ. खांद्याला स्प्लायसिंगची, म्हणजे तुटलेली फायबर जोडायची बॅग, कारण वाटेत कुणाची ना कुणाची लाइन तुटल्याची लाल बत्ती लागलेली असतेच. ऑफिसात सेक्रेटरी काका आहेत. निवृत्त, टापटीप, फाइलींना सुबक लेबलं लावणारे.

“ताई, कॅमेरे तर व्यवस्थित चालू आहेत की!”

“चालू आहेत म्हणूनच आले, काका. रात्रभर ते दुसऱ्या कुणाचं तरी काम करत होते.”

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर लोखंडी कपाटात. घरबसल्या मोबाइलवर दिसावं म्हणून सोसायटीने आमच्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा पत्ता घेतलाय. कॅमेरेवाल्याने राऊटरमधून डीव्हीआरची सगळी दारं बाहेरच्या जगाला उघडी करून दिली, पासवर्ड कारखान्यातून आलेलाच ठेवला आणि पैसे घेऊन तो गेला. अशा डीव्हीआरला इंटरनेटवर उघडं ठेवलं की काही मिनिटांत कुणीतरी आत शिरतं. यात अतिशयोक्ती नाही. टेलनेटचं, म्हणजे दुरून यंत्र चालवायचं जुनं दार ठोठावणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात.

2016 साली मिराई नावाच्या प्रोग्रामने एवढंच केलं. कारखान्यातल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरांत शिरला. 21 ऑक्टोबर 2016 रोजी त्या फौजेने अमेरिकेतल्या डाइन कंपनीचं डीएनएस पाडलं. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी नावं कित्येक तास उघडेनात. मिराई लिहिणारी तीन तरुण पोरं निघाली. माइनक्राफ्ट खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना पाडण्याच्या नादातून ते प्रकरण वाढलं होतं. आपल्याकडे जुलै 2017 मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम निकामी झाले, तेही पासवर्ड जसाच्या तसा ठेवल्यामुळे. तो हल्ला नुसता शिरून थांबत नव्हता, यंत्राची आठवणच पुसून टाकत होता.

असे जंत बहुधा यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात. बंद करून चालू केलं की जातात. पण दार उघडं असेल तर चहा संपायच्या आत परत येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बाहेरची दारं बंद, मग डीव्हीआर बंद-चालू, मग नवा पासवर्ड, मग फर्मवेअर. काकांनी नवा पासवर्ड सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिला आणि डीव्हीआरवर चिकटवायला घेतला. तो मी फाइलीत ठेवायला लावला. कपाटातल्या फाइलीतला पासवर्ड मला चालतो; रशियातला चोर अँटॉप हिलला येऊन कपाट उघडत नाही.

दुपारी 12.50

ऑफिसात परत येते तो वर्दी, की टॅक्सची कामं करणारे एक ग्राहक वैतागलेत. त्यांच्या कामाचं एक संकेतस्थळ सकाळपासून ‘प्रवेश नाही’ म्हणतंय. मोबाइलच्या नेटवर उघडतं, आमच्या नेटवर नाही. संशय अर्थातच माझ्या यादीवर.

यादी तपासली. ते संकेतस्थळ त्यात नाही. मग उलटं पाहिलं. आम्ही कुणाच्या यादीत आहोत का? आहोत. आमचा एक पत्ता दुसऱ्याच कुणाच्या काळ्या यादीत जाऊन बसलाय, आणि ते संकेतस्थळ ती यादी वापरतंय.

आमच्यासारख्याकडे ग्राहक हजारोंनी, आणि वाटायला मोकळे पत्ते मोजके. त्यामुळे एका पत्त्याआड शंभरेक घरं बसवावी लागतात. बाहेरून ती सगळी एकच दिसतात. त्यातल्या एका पोराने फुकट व्हीपीएन म्हणून कसलंसं अ‍ॅप टाकलं. ते अ‍ॅप त्याची लाइन परक्यांना भाड्याने देतं. त्या परक्यांनी काही उद्योग केला. आणि शिक्षा नव्याण्णव घरांना. यादी चालवणारा पत्ता पाहतो. त्याच्याआड किती चुली आहेत ते त्याला दिसत नाही.

टॅक्सवाल्या काकांना दुसऱ्या पत्त्यावर हलवलं, त्यांचं काम सुरू झालं. नोंदींवरून त्या अ‍ॅपचं घर शोधलं आणि तंत्रज्ञाला संध्याकाळी पाठवायचं ठरलं. मग यादीतून नाव काढायचा अर्ज. काही याद्या कारण नाहीसं झालं की काही दिवसांत आपोआप नाव काढतात. काही विचारपूस करून काढतात. आणि काही म्हणतात, पैसे भरा, लगेच काढतो. आज आमच्या वाट्याला आलेली तिसऱ्या जातीची. मी पैसे भरत नाही, आणि नाव काढायला पैसे मागणारी यादी आमच्या राऊटरवरही कधी चढू देत नाही. ज्याला यादीत माणसं राहण्यात फायदा आहे, त्याच्या न्यायावर मी कुणाचा रस्ता बंद करणार नाही.

दुपारी 3

डबा झाला. ही वेळ बाकीच्या याद्यांची.

इंटरनेटवर शेकड्याने याद्या मिळतात. दहा-वीस याद्या एकत्र करून लाखो पत्त्यांची एक महायादी बनवणारेही आहेत. नवीन पोरं ती उत्साहाने लावतात, आणि दोन दिवसांनी कुणाची बँक उघडत नाही, कुणाच्या मुलीचा ऑनलाइन वर्ग. मी तीनच ठेवल्यात. एक ‘ड्रॉप’. दुसरी अ‍ॅब्यूज डॉट सीएच या स्विस मंडळींची, बॉटनेटच्या मुख्य सर्व्हरांची. छोटी आणि नेमकी. तिसरी टीम सिमरूची बोगॉन यादी, म्हणजे जे पत्ते कुणालाच दिलेले नाहीत किंवा खासगी वापराचे आहेत त्यांची. तिसरी थेट बीजीपीने येते. त्यांच्या राऊटरशी आमचं बोलणं कायम चालू असतं. तिकडे बदल झाला की इकडे काही सेकंदांत.

यादीची ही सगळी पद्धत 1997 ची. पॉल व्हिक्सीने स्पॅम पाठवणाऱ्यांचे पत्ते गोळा केले आणि आधी ते बीजीपीनेच वाटले. मेल सर्व्हरने डीएनएसला विचारून खात्री करायची युक्ती त्यानंतर आली. मेलवाल्यांच्या याद्या पुढे प्रसिद्ध झाल्या, राऊटरवाल्यांची मूळ पद्धत मागे पडल्यासारखी झाली. पण ती जुनी आणि टिकाऊ आहे.

फक्त ती शिळी होऊ द्यायची नाही. पूर्वी लोक बोगॉनची यादी हाताने टाइप करत आणि विसरून जात. 1 ने सुरू होणारे सगळे पत्ते वर्षानुवर्षं कुणालाच दिलेले नव्हते. जानेवारी 2010 मध्ये ते आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आले. ज्यांच्या राऊटरवर जुनी यादी तशीच होती, त्यांच्यासाठी हे पत्ते घेणारे नवे लोक अस्तित्वातच नव्हते. एप्रिल 2018 मध्ये क्लाउडफ्लेअरने 1.1.1.1 या पत्त्यावर डीएनएस सुरू केलं, तेव्हाही जगातल्या कित्येक नेटवर्कांतून ते उघडेना. कुठे अडवलेलं, कुठे कुणी तो पत्ता घरचा म्हणून वापरून ठेवलेला. म्हणून माझ्या मशीनवर प्रत्येक ओळीला मुदत आहे. तीन दिवस नवी यादी आली नाही, तर जुनी आपोआप गळून पडते. रस्ता बंद राहण्यासाठी रोज नवं कारण लागलं पाहिजे; उघडा राहायला कारण लागू नये.

संध्याकाळी 5.40

पाऊस. संगम नगरात झाडाची फांदी पडून फायबर तुटली, चाळीस घरं बंद. दोन्ही तंत्रज्ञ तिकडे. शिडी, टॉर्च, छत्रीखाली धरलेलं स्प्लायसिंग मशीन. साडेसहाला चालू. ग्राहकांच्या मते आजच्या दिवसातलं आमचं खरं काम एवढंच.

रात्री 9.35

घरी. लॅपटॉप उघडा ठेवून पोळ्या लाटणं हे या नोकरीतलं कौशल्य आहे. ही आमची गर्दीची वेळ. सात गिगाची रेघ असायला हवी. फोन वाजला आणि बघते तर आत येणारी रेघ सरळ दहावर टेकलेली. आमची वरची लिंकच दहा गिगाची. म्हणजे प्रत्यक्षात किती येतंय ते कळायला मार्ग नाही. दारात मावतंय तेवढंच दिसतंय.

सगळं एकाच पत्त्यावर. यूडीपी, मूळ पोर्ट 53 आणि 123. म्हणजे तीच डीएनएस आणि घड्याळं जुळवणाऱ्या सर्व्हरांची उलटी उत्तरं. कुणीतरी आमच्या एखाद्या गेम खेळणाऱ्या पोराला पाडायला भाड्याचा हल्ला घेतलाय. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

इथे माझ्या तिन्ही याद्या निरुपयोगी आहेत. मारणारे पत्ते जगभरच्या साध्या यंत्रांचे, सकाळच्या त्या तीन उघड्या डीएनएससारखे. त्यांना काळ्या यादीत टाकायचं तर निम्मं इंटरनेट टाकावं लागेल. आणि आमच्या राऊटरवर अडवून उपयोग नाही, लिंक त्याच्याआधीच भरलीय.

अशा वेळी यादी उलटी वापरायची. आपलाच पत्ता काळ्या यादीत टाकून वरच्या कंपनीला सांगायचं. मार खाणारा तो एक पत्ता बीजीपीने 65535:666 या ‘ब्लॅकहोल’ खुणेसकट जाहीर केला. 2016 साली ही खूण जगासाठी ठरली. ती दिसली की वरचा राऊटर त्या पत्त्याचा सगळा माल तिथेच फेकतो. एरवी एकेकट्या पत्त्याचा रस्ता कुणी ऐकूनही घेत नाही, या खुणेसाठी अपवाद असतो. पण त्याआधी त्या पत्त्याआडची शंभर घरं दुसऱ्या पत्त्यांवर हलवायला हवीत, नाहीतर सगळीच अंधारात. ते केलं. चाळीस सेकंदांत रेघ सातवर.

नऊ मिनिटांनी परत दहा. पोरगा नव्या पत्त्यावरून पुन्हा खेळायला बसला आणि हल्लाही मागोमाग आला. आता मात्र हिशेब सोपा होतो. पहिल्या पत्त्याआड शंभर घरं, दुसऱ्याआड शंभर, दोन्हींत समान सात. सातांना सात वेगवेगळे पत्ते दिले. तिसऱ्या खेपेला हल्ला आला तो एकाच घरावर. त्या घरी फोन केला.

“वहिनी, मुलाला आजच्या रात्री गेम बंद ठेवायला सांगा. त्याला कुणीतरी त्रास देतंय.”

“अहो, मी रोज हेच सांगते!”

जुलै 2016 मध्ये मुंबई आणि आसपासच्या छोट्या-मध्यम इंटरनेट कंपन्यांवर असाच मारा दिवसेंदिवस चालला होता. सेकंदाला 200 गिगाचा आकडा छापून आला होता. महाराष्ट्र सायबरचे तेव्हाचे पोलीस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी त्याबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. दहा गिगाच्या दारावर दोनशे आले, तर दारवानाने काय करायचं? तेव्हापासून वरच्या कंपनीशी करार करताना शेठना मी दर विचारू देते, पण आधी एक प्रश्न मी विचारते, की ब्लॅकहोलची खूण स्वीकारता का, आणि रात्री साडेनऊला स्वीकारता का?

ब्लॅकहोल मारणं हा विजय नाही, हेही सांगायला हवं. हल्लेखोराला तो पत्ता इंटरनेटवरून गायब व्हायला हवा होता, आणि तो मीच केला. वाचले ते बाकीचे.

रात्री 11.20

जाहीर केलेले ब्लॅकहोल एकेक करून मागे घेतले. आधी एक, मग पाच मिनिटं ग्राफकडे पाहणं, मग दुसरा. विसरून राहिलेला ब्लॅकहोल हल्ल्यापेक्षा जास्त दिवस त्रास देतो.

मग सर्ट-इनला मेल. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि नोंदी 180 दिवस भारतात जपून ठेवाव्या लागतात. वेळ, पत्ता, पोर्ट, काय केलं, दहा ओळी. सकाळच्या सोसायटीची नोंदही पाहिली. डीव्हीआर सकाळच्या भेटीनंतर गप्प आहे.

आणखी एक कुलूप सांगायचं राहिलं. ते सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत कमी लोक लावतात. आमच्या नेटवर्कमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्याच चार पट्ट्यांतला असला पाहिजे. नसला तर ते दारातच मरतं. बीसीपी 38 नावाने हा सल्ला मे 2000 पासून लिहिलेला आहे. प्रत्येकाने पाळला असता तर आज रात्रीचा हल्ला जन्मलाच नसता, कारण खोटा पत्ता लावून प्रश्न विचारताच आला नसता. याला कुठली यादी लागत नाही, वर्गणी लागत नाही, मायक्रोटिकवर दोन ओळी लागतात. तरी माझ्या ओळखीतल्या इंटरनेटवाल्यांना विचारलं तर निम्मे म्हणतात, “करायचंय, वेळ मिळत नाही.”

तुमच्या इमारतीत डीव्हीआर असेल तर त्याचा पासवर्ड उद्या बदलून घ्या, आणि बिल घ्यायला किंवा लाल बत्ती बघायला तुमचा इंटरनेटवाला आला की त्याला विचारा, बीसीपी 38 लावलंय का. त्याला माहीत नसेल तर त्याच्या ऑफिसात विचारा. ग्राहकाने विचारलं की वेळ मिळतो.